शेतात सापडलेलं गाडगं विकत घ्यावं का?

पत्र : आम्ही खानापूर तालुक्यातले. माझे धाकटे दीर बेळगावला नोकरीला आहेत. गेल्या महिन्यात त्यांना बाजारात एक माणूस भेटला. हलशीकडच्या एका शेतात जेसीबीनं खणताना गाडगं सापडलं, मालकाला बोभाटा नकोय म्हणून स्वस्तात देतोय, असं तो सांगतो. वीस राणीछाप रुपये, सात शिवराया, एक सोन्याचा होन आणि रामपंचायतनाची छाप असलेलं १८१८ सालचं एक जाड तांब्याचं नाणं, सगळ्याचे मिळून साठ हजार. दिरांनी पाच हजार इसार देऊनही टाकलाय, बाकीचे लक्ष्मीपूजनाच्या आत द्यायचेत. अशा नाण्यांना लाखो रुपये मिळतात, असे व्हिडिओ ते मला मोबाइलवर दाखवतात. सासूबाईंनी देव्हाऱ्यात जपलेले आमचे सहा राणीछाप रुपयेही सोबत विकू म्हणतात. फोटो पाठवतेय. खरं-खोटं ओळखायचं कसं? आणि देव्हाऱ्यातले रुपये काळे पडलेत, चिंचेनं घासले तर चालतील का?

उत्तर : ताई, उरलेले पंचावन्न हजार देऊ नका. दिरांना आजच तसं सांगा, कारण सणाच्या तोंडावर घाई करायला लावणं हा या धंद्याचा नेहमीचा डाव आहे. लक्ष्मीपूजनात राणीछाप रुपया मांडायची आपल्याकडे रीत आहे, त्यामुळे दिवाळीच्या आधी महिनाभर असला माल बाजारात हमखास येतो.

आधी एका गोष्टीचा विचार करा. त्या माणसाची गोष्ट खरी आहे असं धरून चालू. जमिनीत सापडलेलं जुनं धन ही सापडणाऱ्याची खासगी मिळकत होत नाही. ते जिल्हाधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्याकडे डीसी ऑफिसला कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि दडवून विकणं हा गुन्हा आहे. ते जाणूनबुजून विकत घेणाऱ्याच्या दारातही पोलीस येतात. म्हणजे नाणी खरी असतील तर दीर अडचणीत येतात आणि खोटी असतील तर पैसे बुडतात. 'बोभाटा नको' हे वाक्य विकणाऱ्याला फार सोयीचं पडतं. पावती मागता येत नाही, चौथ्या माणसाला दाखवता येत नाही, आणि फसलेला माणूस तक्रारही करत नाही. म्हणून पुढे जे सांगतो ते नाण्याबद्दल आहे. गाडग्याची गोष्ट बाजूला ठेवून फक्त नाणं तपासायचं.

तुमच्या फोटोंत तीन गोष्टी उघड दिसतात. एक, १८८५ सालचे दोन रुपये आहेत, आणि दोन्हींवर राणीच्या गालावर अगदी त्याच जागी, त्याच कोनात एक तिरपा ओरखडा आहे. दोन, एका रुपयावर १८६८ साल आहे. तीन, ते रामपंचायतन.

ओरखड्यापासून सुरुवात करू. टांकसाळीत नाणं ठशानं पाडतात, तेव्हा त्यावर ओरखडा नसतो. तो पुढे वापरात, कुणाच्या तरी कनवटीला, पेटीत, गल्ल्यात पडतो. दोन वेगवेगळ्या रुपयांवर तोच ओरखडा पडणं शक्य नाही. तो दिसला याचा अर्थ, कुणीतरी एक खरा, ओरखडा असलेला रुपया घेतला, त्याचा साचा काढला आणि त्यातून नाणी ओतली. साच्यात ओरखडाही उतरतो. बनावट ओळखायची ही सगळ्यात भक्कम खूण, आणि तिला कुठलंच यंत्र लागत नाही. एकाच सालाची नाणी शेजारी शेजारी मांडायची आणि खाचा, खड्डे, ओरखडे जुळतात का ते बघायचं. विकणारा एकेक नाणं हातात देतो आणि आधीचं परत घेतो, ते याचसाठी. सगळी एका वेळी मांडायला सांगा.

१८६८ सालाचंही तसंच. व्हिक्टोरियाच्या रुपयावर 'क्वीन' लिहिलेली नाणी १८६२ साली निघाली आणि पुढची बारा वर्षं टांकसाळी तेच १८६२ साल छापत राहिल्या. साल बदललं ते १८७४ ला. १८७७ पासून 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आलं आणि ते १९०१ पर्यंत चाललं. म्हणून बाजारात फिरलेल्या रुपयावर १८६३ ते १८७३ मधलं साल दिसलं, किंवा 'एम्प्रेस' शब्द आणि १८७७ च्या आधीचं साल एकत्र दिसलं, तर ते नाणं खाली ठेवा. कंपनीच्या काळातही हेच होतं. १८३५ चा विल्यम राजाचा आणि १८४० चा तरुण राणीचा रुपया, एवढीच सालं. १८५० चा कंपनीचा रुपया नसतो. एडवर्डचे रुपये १९०३ ते १९१०, पाचव्या जॉर्जचे १९११ ते १९२२. एवढे आकडे कागदावर लिहून पाकिटात ठेवले तरी निम्मा खोटा माल बाजारातच कळतो. बनवणारे सालाच्या बाबतीत फार बेफिकीर असतात.

आता हातानं करायच्या तपासण्या. तुमच्याकडे एक मोठी सोय आधीच आहे, ती म्हणजे देव्हाऱ्यातले सहा रुपये. सासूबाईंनी जपलेला रुपया हेच तुमचं माप. प्रत्येक तपासणी आधी त्यावर करा आणि मग विकणाऱ्याच्या नाण्यावर.

पहिलं वजन. राणीछाप रुपया टांकसाळीतून निघाला तेव्हा ११.६६ ग्रॅमचा होता. जुना तोळाही नेमका एवढाच, कारण तोळ्याचं वजन रुपयाशीच बांधलेलं होतं. हल्ली सराफ बोलताना १० ग्रॅमला तोळा म्हणतात आणि पूजेसाठी राणीचा मुखवटा असलेली १० ग्रॅमची नवी चांदीची नाणी मिळतात. त्यांत फसवणूक नाही, ती पूजेची नाणी म्हणूनच विकली जातात, पण नंतर कुणीतरी ती काळी करून जुनी म्हणून खपवतो. त्यामुळे काटा १० वर थांबला की विषय संपला. वापरून झिजलेला खरा रुपया साधारण ११.३ ते ११.६ च्या दरम्यान भरतो. आणखी एक बारीक गोष्ट. खरे वीस रुपये वीस वजनांचे असतात, कारण प्रत्येक जण वेगळा झिजलाय. कुणी ११.४२, कुणी ११.५७, कुणी ११.६१. ओतलेली नाणी कधी फारच एकसारखी भरतात, तर कधी ९ पासून १२ पर्यंत कशीही. दोन्ही वाईट.

काटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. खिशात मावणारा, २०० ग्रॅम क्षमतेचा मिळतो तो पुरे. किराणा दुकानाच्या काट्यावर हे काम होत नाही. घेतल्यावर एकदा ओळखीच्या सराफाच्या १० ग्रॅमच्या वजनानं तो पडताळून घ्या.

वजन बरोबर आलं म्हणून नाणं खरं ठरत नाही. हुशार बनवणारा जर्मन सिल्व्हरचं (हा पांढरा मिश्रधातू, यात चांदी नसते) किंवा पितळेचं नाणं थोडं जाड करून ११.६ ग्रॅमवर आणून ठेवतो आणि वर चांदीचा मुलामा देतो. तिथे पाण्याची परीक्षा उपयोगी पडते. हलका प्लॅस्टिकचा कप काट्यावर ठेवा. स्टीलचं भांडं नको, पाण्यासकट काट्याच्या क्षमतेबाहेर जातं. कपात निम्म्याहून जास्त पाणी घ्या आणि काटा शून्यावर आणा. नाण्याला बारीक नायलॉनचा दोरा बांधा, सुती नको, तो पाणी पितो. आता नाणं वरून धरून पाण्यात पूर्ण बुडेल इतकं सोडा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तो नाण्याचं आकारमान, घनसेंटिमीटरमध्ये. कोरड्या नाण्याच्या वजनाला त्या आकड्यानं भागायचं.

राणीछाप रुपयात ९१.७ टक्के चांदी आणि बाकी तांबं. त्याची घनता १०.३ च्या आसपास येते. म्हणजे ११.६६ ग्रॅमचा रुपया पाण्यात १.१३ दाखवेल, ११.४ ग्रॅमला झिजलेला १.१० किंवा १.११. तेवढ्याच वजनाचं पितळी किंवा जर्मन सिल्व्हरचं नाणं १.३० च्या पुढे दाखवतं. फरक इतका मोठा आहे की नवख्या हातालाही चुकत नाही. चुकतं ते दोन ठिकाणी. नाणं तळाला टेकलं की काटा एकदम अकरा-साडेअकरावर उडी मारतो, कारण मग तो सगळं वजन पेलतो. आणि नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो आणि खरं नाणं खोटं वाटतं. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, बुडबुडे धरत नाहीत. देव्हाऱ्यातल्या रुपयावर तीनदा करून बघा, तिन्ही वेळा उत्तर जुळलं की हात बसला समजा.

सहाव्या जॉर्जच्या रुपयाला मात्र हा आकडा लावू नका. १९४० पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच आहे, त्यामुळे त्याची घनता साडेनऊच्या आसपास येते. आणि १९४७ चा वाघछाप रुपया निकेलचा आहे, त्यात चांदी नाहीच. तो लोहचुंबकाला चिकटतो आणि चिकटायलाच हवा. बाकी चांदी, सोनं, तांबं यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे. पण चिकटलं नाही म्हणून खरं, असं मानू नका. पितळही चिकटत नाही.

मग भिंग. सराफ वापरतात ते दहापट मोठं दाखवणारं घ्या. ओतलेल्या नाण्याच्या मोकळ्या पृष्ठभागावर बारीक छिद्रं आणि पुटकुळ्या दिसतात, कारण धातू साच्यात थंड होताना हवा अडकते. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारख्या गुळगुळीत, बोथट असतात. इथे घाईनं निष्कर्ष काढू नका, खरा रुपयाही झिजतो. पण झीज वरून खाली जाते. आधी राणीच्या केसांचा आणि मुकुटाचा उंच भाग सपाट होतो, अक्षरांच्या कडेची खोल जागा शेवटपर्यंत टोकदार राहते. ओतीव नाण्यात उंच आणि खोल दोन्ही सारखंच पुसट असतं. सगळं पुसट आणि काठ मात्र नवा कोरा, हे तर अजिबात जुळत नाही.

काठ नीट बघा. लोक चेहरा बघतात, काठ कुणी बघत नाही, आणि बनवणाऱ्याची पंचाईत तिथेच होते. राणीछाप रुपयाच्या काठाला सलग, सारख्या अंतराचे उभे दाते असतात. ओतीव नाण्याला साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे काठावर फिरती रेघ राहते. ती कानशीनं घासून काढली तर दात्यांवर आडवे ओरखडे दिसतात. धातू जिथून ओतला तिथे एका जागी दाते बसलेले, भरलेले असतात. दोन पातळ पत्रे चिकटवून केलेल्या नाण्याला काठाच्या मधोमध केसाएवढी फट दिसते.

आणि आवाज. नाणं वाजवून घ्यावं म्हणतात ते शब्दशः खरं आहे, पण फरशीवर आपटू नका. बोटाच्या टोकावर नाणं तोलून धरा आणि दुसऱ्या नाण्याच्या काठानं हलकेच टिचकी द्या. चांदीचा नाद बारीक, लांब रेंगाळणारा. ओतीव मिश्रधातू ठक् करून गप्प होतो. चिरलेलं किंवा कडी झाळलेलं खरं नाणंही बद्द वाजतं, म्हणून निव्वळ आवाजावर निकाल देऊ नका.

काळेपणाला तर अजिबात भुलू नका. चांदी गंधकानं काळी होते आणि हे काम उकडलेल्या अंड्याबरोबर डब्यात बंद केलं तरी एका रात्रीत होतं. फरक असा, की वापरातलं नाणं खाचांत काळं आणि उंचवट्यांवर उजळ असतं, कारण हात उंचवट्यांवरूनच फिरतो. मुद्दाम काळं केलेलं नाणं सरसकट एका रंगाचं दिसतं.

वीस रुपयांत तीन-चार खरे पेरलेले असणं अगदी शक्य आहे. विकणारा 'हवं तर सराफाला दाखवा' म्हणून जो देतो, तो त्यांतलाच असतो. तपासायचा कोणता ते तुम्ही निवडा, आणि शेवटी सगळेच तपासा. बेळगावात शहापुरात किंवा गणपत गल्लीत ओळखीच्या सराफाकडे टंच, म्हणजे धातूची शुद्धता सांगणारं यंत्र असेल तर नाण्याला ओरखडाही न पाडता धातू कळतो. पण हे यंत्र फक्त वरचा थर वाचतं. जाड मुलामा असेल तर ते चांदीच दाखवेल. म्हणून यंत्र आणि पाणी, दोन्ही करा. कसोटीवर घासणं, कानस मारणं किंवा कोपरा कापणं जुन्या नाण्याला नको.

शिवराईची गोष्ट वेगळी आहे, तिला वरचे बरेचसे नियम लागत नाहीत. ती हातानं ठोकलेली आहे. तांब्याचा तुकडा, वर ठसा, घणाचा घाव. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति', भोवती ठिपक्यांचं वर्तुळ. ठसा बहुधा तुकड्यापेक्षा मोठा, त्यामुळे अक्षरं काठाबाहेर गेलेली असतात आणि घावानं काठाला चिरा पडलेल्या असतात. वजन साधारण ८ ते १३ ग्रॅम, कारण ती शंभर-दीडशे वर्षं वेगवेगळ्या ठिकाणी पडत होती. अक्षरंही त्यामुळेच बदलतात. 'सिव', 'पती' असं काही दिसलं की लोक खोटी ठरवतात, ते चूक आहे. उलट छापखान्यातल्यासारखी शुद्ध, टोकदार देवनागरी, पूर्ण गोल आकार, सगळी अक्षरं मधोमध आणि पिवळट पितळी झाक असेल तर संशय घ्या. महाराजांचा चेहरा असेल तर प्रश्नच मिटला. त्या काळच्या कुठल्याही शिवराईवर वा होनावर मुखवटा नाही. चेहरा असलेलं खरं नाणं १९९९ सालचं, भारत सरकारचं दोन रुपयांचं.

शिवराईवरचा हिरवा थर तपासा. शतकभर मातीत राहिलेल्या तांब्यावरचा हिरवा किंवा चॉकलेटी थर धातूत मुरलेला असतो, लाकडी दातकोरणीनं निघत नाही. व्हिनेगर, मीठ आणि नवसागरानं चार दिवसांत आणलेला हिरवा रंग मऊ असतो. कापसाला थोडं अ‍ॅसिटोन लावून पुसलं, की रंग किंवा डिंकानं चिकटवलेली माती असेल तर कापसावर उतरते आणि खाली लालबुंद नवं तांबं दिसतं. पाण्याची परीक्षा इथे फारशी कामाची नाही. तांब्याची आणि पितळेची घनता इतकी जवळ आहे, की लहान काट्यावर फरक हाती लागत नाही. तुमच्या सात शिवरायांपैकी दोन फोटोत बऱ्या दिसतात. पण साधी शिवराई ही काही दुर्मीळ वस्तू नाही. ती एकोणिसाव्या शतकातही दख्खनच्या बाजारात चालत होती, म्हणून राणीछाप रुपयांसोबत सापडणंही अशक्य नाही.

होन मात्र सोडून द्या. शिवाजी महाराजांचे खरे होन इतके थोडे ज्ञात आहेत, की बाजारात पिशवीतून फिरणारा होन खरा निघणं जवळजवळ अशक्य. खऱ्याचं वजन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. त्या वजनाचं सोन्याचं नाणं पाण्यात ०.१५ दाखवेल, मुलाम्याचं पितळ ०.३३. पण ०.१५ आलं तरी एवढंच कळतं की धातू सोनं आहे. आजचं सोनं घेऊन आज ठसा मारलेले होनही पुष्कळ आहेत. होन हा शब्दच कन्नडातल्या 'होन्नु' म्हणजे सोनं यावरून आला. आपल्या भागात विजयनगरचे वराह, हलशीच्या कदंबांची सिंहछाप सोन्याची नाणी खरोखर चालत होती, आणि त्या अभिमानावरच हा धंदा चालतो. विजयनगरचा वराह ३.४ ग्रॅमचा, अर्धा वराह १.७ ग्रॅमचा. वजन याच्या जवळपासही नसेल तर पुढे बघायची गरज नाही.

रामपंचायतनाच्या नाण्याची किंमत त्यातल्या पितळ-तांब्याएवढीच. १८१८, १७१७, १६१६ अशी सालं, 'ईस्ट इंडिया कंपनी', 'वन आना' आणि दुसऱ्या बाजूला राम, मारुती, ॐ किंवा कमळ, असे तुकडे यात्रांतून शेकड्यांनी विकले जातात. कंपनीनं असं नाणं कधीच काढलं नाही. मद्रासकडे तिनं देवतांची छाप असलेली सोन्याची नाणी पाडली होती, त्याचा दाखला विकणारे देतात. पण ती लहान, सोन्याची आणि वेगळ्याच घडणीची. एकसारखी नाणी १८३५ ला सुरू झाली तेव्हा तांब्याची होती ती अर्धा आणा, पाव आणा आणि त्याहून लहान. एक आण्याचं नाणं आलं ते एडवर्डच्या काळात, काठाला पाकळ्या असलेलं, पांढऱ्या मिश्रधातूचं. याच जाड नाण्याला 'तांदूळ ओढतं' म्हणून लाखोंचं सांगणारेही आपल्या जिल्ह्यांतून फिरतात. नाण्याच्या आत चुंबक असतो आणि तांदळाच्या दाण्यांना लोखंडाची बारीक पूड लावलेली असते. तुमच्या घरचे तांदूळ समोर ठेवा, एक दाणा हलणार नाही.

मोबाइलवरच्या लाखोंच्या व्हिडिओंबद्दल. तिथे नंबरवर फोन केला की आधी नोंदणी फी, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेच्या परवानगीचे पैसे मागतात. रिझर्व्ह बँकेनं २०२१ साली जाहीर सांगितलंय, की जुन्या नाण्यांच्या वा नोटांच्या खरेदी-विक्रीत ती नाही आणि त्यासाठी कुणाकडून फी घेत नाही. दिरांनी असे पैसे कुठे भरले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा, जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवले जायची शक्यता जास्त. साधा, झिजलेला राणीछाप रुपया आत असलेल्या चांदीच्या भावाच्या आसपासच जातो. कोऱ्या रुपयात १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी आहे, वीसचे हिशेबानं २१४ ग्रॅम. त्या दिवसाचा चांदीचा भाव लावून साठ हजारांशी ताडून बघा. आणि हेही सगळे खरे निघाले तर!

पाच हजारांचा इसार. दिरांनी एकट्यानं त्या माणसाला भेटायला जाऊ नये. त्याचे फोन नंबर, मेसेज, पैसे ऑनलाइन दिले असतील तर त्याची नोंद, नाण्यांचे फोटो हे सगळं जपून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात फसवणुकीची तक्रार द्या. नाणी जमिनीत सापडल्याचं तो म्हणाला होता, हेही तक्रारीत लिहा. लपवलं तर पुढे तेच अंगाशी येईल. पाच हजार परत मिळतीलच असं आम्ही सांगत नाही. पण ते सोडवायला म्हणून आणखी पैसे घालू नका.

आता देव्हाऱ्यातले सहा रुपये. चिंच, लिंबू, पितांबरी, राख, टूथपेस्ट, यांतलं काहीच नको. घासलं की वरचा थर जातो, बारीक ओरखडे पडतात आणि नाणं चकचकीत पण मेलेलं दिसतं. जाणकार ते बघताक्षणी किंमत उतरवतो. तेलकटपणा, कुंकू, धूळ असेल तर कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटं ठेवा, बोटानं हलकेच चोळा, स्वच्छ पाण्यात धुऊन सुती कापडानं टिपून घ्या. पुसू नका, टिपा. काळेपणा राहू दे, तो चांदीचं रक्षणच करतो. कागदाच्या पुडीत किंवा रबरबँड लावून ठेवू नका, रबरातल्या गंधकानं पट्टे उठतात. नाणी ठेवायच्या कडक, पारदर्शक डब्या मिळतात, त्या घ्या. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून दोन-चार वर्षांत हिरवा चिकट थर सुटतो. सणाला पूजेत मांडा, हळदकुंकू वाहा, दुसऱ्या दिवशी तसेच धुऊन, टिपून आत ठेवा. आणि सहाही रुपयांची वजनं, सालं एका चिठ्ठीवर लिहून डबीत घाला. पुढच्या खेपेला कुणी गाडगं घेऊन आला, की मापाला तीच उपयोगी पडेल.